आयएसओ ९००१ प्रमाणपत्र: कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि कुठे फसायला होतं

मोठ्या ग्राहकाच्या पर्चेस खात्याकडून व्हेंडर नोंदणीचा फॉर्म येतो. त्यात आयएसओ ९००१ (गुणवत्ता सांभाळण्याच्या कार्यपद्धतीचं मानक) प्रमाणपत्राची प्रत जोडायची असते आणि मुदत जेमतेम पंधरा दिवसांची. मग फोनाफोनी सुरू होते, चार दिवसांत करून देणारा कोणीतरी सापडतो, पैसे जातात, रंगीत कागद येतो. ग्राहकाचा क्वालिटीवाला तो परत पाठवतो, कारण कागद देणाऱ्या संस्थेला ॲक्रेडिटेशनच, म्हणजे प्रमाणपत्रं देण्याची मान्यताच, नसतं. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात हे सतत घडतं. अशा कारखान्याचं काम पुष्कळदा उत्तम असतं. चुकतो तो क्रम. कागद आधी, यंत्रणा मग आणि कागद देणाऱ्याची चौकशी सगळ्यात शेवटी, असा उलटा कारभार होतो.

पुढचे टप्पे सुलट क्रमाने लावले आहेत. उदाहरणासाठी तीस माणसांचा, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर टर्निंग आणि मिलिंगचं जॉबवर्क करणारा कारखाना धरला आहे. तुमचं फॅब्रिकेशन, प्लेटिंग किंवा मोल्डिंग असलं तरी क्रम हाच. शून्यापासून सुरुवात असेल तर पाच-सहा महिने हाताशी ठेवा आणि ग्राहकालाही तेवढेच सांगा.

## टप्पा १: कागद कोण देतं आणि देणाऱ्याला कोण तपासतं

जिनिव्हातली आयएसओ ही संस्था फक्त मानकं लिहिते. ती कोणत्याही कारखान्याचं ऑडिट करत नाही आणि कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. 'थेट आयएसओकडून मिळवून देतो' असं कोणी म्हटलं की बोलणं तिथेच थांबवा.

कारखान्याचं ऑडिट करते ती प्रमाणन संस्था, म्हणजे सर्टिफिकेशन बॉडी. तिने कसं वागावं, ऑडिट कसं करावं, निर्णय कोणी घ्यावा याचे नियम आयएसओ/आयईसी १७०२१-१ या मानकात आहेत. ती हे नियम पाळते की नाही हे तपासते ॲक्रेडिटेशन बॉडी. भारतात प्रमाणन संस्थांसाठी हे काम एनएबीसीबी करते. ती क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचा भाग आहे. ब्रिटनची यूकास, जर्मनीची डाक्स, अमेरिकेची अनॅब या तिकडच्या तशाच संस्था. या संस्था एकमेकींची तपासणी १७०११ या मानकाप्रमाणे करतात आणि एकमेकींचं ॲक्रेडिटेशन मान्य करण्याच्या करारावर सह्या करतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर हा करार आयएएफ या ॲक्रेडिटेशन बॉडींच्या जागतिक मंचाने उभा केला. म्हणूनच चाकणमध्ये झालेलं ऑडिट जर्मनीतल्या खरेदीदारालाही चालतं. आयएएफ आणि प्रयोगशाळांच्या बाजूची आयलॅक या दोन्ही आता ग्लोबल ॲक्रेडिटेशन कोऑपरेशन या एकाच संस्थेत एकत्र येत आहेत, त्यामुळे कागदपत्रांवर पुढे नवं नाव दिसेल. तुमचा प्रश्न बदलत नाही: ही ॲक्रेडिटेशन बॉडी त्या परस्पर मान्यतेच्या करारात आहे का?

हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण कराराबाहेरच्या, भारदस्त नावाच्या ॲक्रेडिटेशन बॉडीही असतात. कागदावर दोन-तीन गोल शिक्के असतात, त्यांतला एक 'ॲक्रेडिटेशन'चा असतो, पण त्या शिक्क्याला बाहेर कोणी ओळखत नाही. शिक्का आहे की नाही एवढंच पाहणारे इथे हमखास फसतात.

आणखी एक बारकावा फार कमी जणांना माहीत असतो. ॲक्रेडिटेशन सरसकट मिळत नाही. ते मानकानुसार मिळतं आणि उद्योगक्षेत्रानुसारही. ९००१ साठी मान्यता असलेल्या संस्थेला ४५००१ (कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य) साठी ती असेलच असं नाही. तसंच धातू आणि धातूच्या वस्तूंचा क्षेत्र क्रमांक १७ आहे, यंत्रसामग्रीचा १८. तुमच्या क्षेत्राची मान्यता नसलेली नामांकित संस्थाही तुम्हाला ॲक्रेडिटेड प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

तपासा, एक रुपयाही देण्याआधी: प्रमाणन संस्थेचं नेमकं नाव एनएबीसीबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. ॲक्रेडिटेशन परदेशी असेल तर त्या ॲक्रेडिटेशन बॉडीच्या यादीत शोधा. सापडलं की तिचा ॲक्रेडिटेशनचा स्कोप, म्हणजे मान्यतेची व्याप्ती, उघडून मानक आणि क्षेत्र दोन्ही वाचा. ते निलंबित तर नाही ना, तेही तिथेच दिसतं. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ या कामाला चालत नाही.

एनएबीएल ही गोष्ट वेगळी. ती प्रयोगशाळांना मान्यता देते: चाचणी आणि कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळांना १७०२५ प्रमाणे, वैद्यकीय प्रयोगशाळांना १५१८९ प्रमाणे. कारखान्याला ९००१ देणं हे तिचं काम नाही. तिचा संबंध पुढे टप्पा ६ मध्ये, गेज आणि मायक्रोमीटरच्या वेळी येतो.

## टप्पा २: ग्राहकाला नेमकं काय हवं ते लेखी घ्या

'आयएसओ पाहिजे' हे तोंडी वाक्य पुरेसं नाही. ईमेल करून तीन गोष्टी विचारा: कोणतं मानक, कोणत्या पत्त्यासाठी आणि कोणाचं ॲक्रेडिटेशन चालेल.

वाहन कंपन्यांच्या साखळीतले ग्राहक ९००१ वर थांबतात की आयएटीएफ १६९४९ (आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या गटाचं मानक) मागतात, यावर तुमचा पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे. आयएटीएफची देखरेख एनएबीसीबीकडे नसते, तर वाहन उद्योगाच्या त्या गटाच्या स्वतःच्या कार्यालयांकडे असते. म्हणून प्रमाणन संस्थाही त्यांनीच मान्य केलेली लागते. तिथे आधीच्या बारा महिन्यांच्या कामगिरीची आकडेवारी मागितली जाते, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या पुरवठादाराला सुरुवातीला ॲक्रेडिटेड ९००१ पुरतं. ते विचारल्याशिवाय कळत नाही.

सावध: सीई मार्क आणि आयएसआय मार्क या उत्पादनाशी संबंधित गोष्टी आहेत. ९००१ हे काम करण्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

## टप्पा ३: स्कोप ठरवा आणि तो शब्दांत लिहा

प्रमाणपत्रावर सगळ्यात नीट वाचला जातो तो स्कोप, म्हणजे प्रमाणपत्र कोणत्या कामाला लागू आहे ते, आणि सगळ्यात घाईने लिहिला जातो तोही स्कोपच. 'इंजिनिअरिंग वस्तूंचं उत्पादन आणि पुरवठा' असं लिहिलं की सगळं त्यात आलं, असं मालकांना वाटतं. ऑडिटर मात्र त्यातल्या प्रत्येक शब्दाचा पुरावा मागतो. जे करता तेच लिहा: ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे सीएनसी टर्निंग आणि मिलिंग करून यांत्रिक भागांचं उत्पादन.

ड्रॉइंग ग्राहकाचं असेल आणि तुम्ही डिझाइन करत नसाल, तर मानकातलं ८.३ हे डिझाइनचं कलम तुम्हाला लागू नाही. तसं सकारण लिहून ठेवता येतं. पण जिग-फिक्श्चर डिझाइन करून विकत असाल, किंवा वेबसाइटवर 'डिझाइनपासून उत्पादनापर्यंत' अशी जाहिरात असेल, तर हे कलम टाळता येणार नाही. ऑडिटर वेबसाइट पाहूनच येतात. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग बाहेर देत असलात तरी त्या कामाची जबाबदारी तुमचीच राहते. 'आमच्याकडे होत नाही' म्हणून ते कलम गाळता येत नाही.

पत्ता हाही स्कोपचाच भाग. भोसरीत मशीन शॉप आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या गाळ्यात पॅकिंग असेल तर दोन्ही पत्ते अर्जात द्या. ऑडिटच्या दिवशी दुसरा गाळा निघाला की ऑडिटचे दिवस वाढतात आणि विश्वास कमी होतो.

## टप्पा ४: कोटेशन मागवा आणि मॅनडे (ऑडिटरचे दिवस) मोजा

यादीत तपासलेल्या तीन संस्थांकडून कोटेशन मागवा. फॉर्ममध्ये माणसांचा आकडा खरा भरा. पगारपत्रकावर बारा आणि बाकी अठरा ठेकेदाराचे असले तरी माणसं तीसच मोजायची. रात्रपाळी असेल तर तीही दाखवा. आकडा कमी दाखवून फी वाचवण्याचा उद्योग पहिल्याच दिवशी शॉपफ्लोअरवर उघडा पडतो.

ऑडिटला किती दिवस लागावेत हे प्रमाणन संस्थेच्या मर्जीवर नसतं. आयएएफच्या एमडी ५ या दस्तऐवजात माणसांच्या संख्येप्रमाणे तक्ता आहे. ९००१ च्या पहिल्या ऑडिटसाठी, म्हणजे स्टेज १ (तयारीचं ऑडिट) आणि स्टेज २ (मुख्य ऑडिट) मिळून, तो असा सांगतो: १६ ते २५ माणसांना ३ दिवस, २६ ते ४५ ला ४ दिवस, ४६ ते ६५ ला ५ दिवस, ६६ ते ८५ ला ६ दिवस. सबळ कारण नोंदवून यात कपात करता येते, पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पुढे दरवर्षीच्या सर्व्हिलन्सला (देखरेखीच्या ऑडिटला) पहिल्या ऑडिटच्या साधारण एक तृतीयांश वेळ आणि तीन वर्षांनंतरच्या रिसर्टिफिकेशनला (नूतनीकरणाला) दोन तृतीयांश.

आता आपला तीस माणसांचा कारखाना घ्या. तक्त्यातून चार दिवस येतात. कोटेशनमध्ये 'एक दिवस, एकच भेट' असेल तर तो दर स्वस्त आहे असं समजू नका. नियमात बसणारं ऑडिट तिथे होणारच नाही. कोटेशन स्वीकारायचं की नाही हे ठरवण्यासाठी माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा एकच निकष आहे.

फीची तुलना तीन वर्षांच्या पूर्ण चक्रावर करा: अर्ज, स्टेज १, स्टेज २, दोन सर्व्हिलन्स, ऑडिटरचा प्रवास, जीएसटी. पहिल्या वर्षी फी कमी ठेवून सर्व्हिलन्सला वसूल करणाऱ्या संस्था असतात. तीन वर्षांची बेरीज मांडली की ते दिसतं.

सावध: प्रमाणन संस्थेने त्याच ग्राहकाला सल्लागार म्हणून काम करायचं नाही, असा १७०२१-१ चा नियम आहे. 'मॅन्युअलही आम्हीच देऊ, ऑडिटही आम्हीच करू, पास नक्की' असं पॅकेज आलं तर ते नाकारा. सल्लागार नेमायला हरकत नाही, पण त्याचं बिल वेगळं, माणूस वेगळा आणि प्रमाणन संस्था तुम्ही स्वतः निवडलेली.

## टप्पा ५: जे करता ते लिहा, थोडक्यात लिहा

२०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं नाही. मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एमआर, हे पदही सक्तीचं नाही. तरीही दोनशे पानी मॅन्युअल विकलं जातं, आणि त्यात दुसऱ्या कंपनीचं नाव, आपल्याकडे नसलेली खाती, कधी न वापरलेले फॉर्म तसेच राहतात. ऑडिटर तुमच्याच मॅन्युअलमधलं वाक्य वाचून दाखवतो आणि विचारतो, हे कुठे होतं? मानकाने न मागितलेल्या गोष्टीत तुम्ही स्वतःच्या शब्दाने अडकता.

लहान कारखान्याला एवढं पुरतं: स्कोप, गुणवत्ता धोरण, मोजता येतील अशी उद्दिष्टं, कामाचा प्रवाह दाखवणारं एक पान, जोखमींची यादी, कोणाकडे कोणतं काम, आणि मशीनवरच्या सूचना. सोबत मानकाने सांगितलेल्या नोंदी. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने एक भर पडली आहे: हवामानबदल हा तुमच्यासाठी लागू होणारा मुद्दा आहे का, याचा विचार केलेला असावा. त्यासाठी वेगळी फाइल नको. जोखमींच्या यादीत दोन प्रामाणिक ओळी पुरेत, जसं पाणी तुंबून वीज जाणं किंवा उन्हाळ्यात कूलंटचं पाणी कमी पडणं.

सूचना मराठीत लिहा. मानकाने कोणतीही भाषा लादलेली नाही. ज्याने वाचायची त्याला कळावी, एवढंच बघितलं जातं. मशीनवर मराठी किंवा हिंदी सूचना आणि शेजारी योग्य-अयोग्य भागाचा फोटो लावला तर ऑपरेटर ती खरोखर वाचतो. इंग्रजीतला लॅमिनेट केलेला कागद धूळ खात लटकतो.

उद्दिष्टांत 'ग्राहकाचं समाधान वाढवणं' असं लिहू नका. रिजेक्शन अमुक टक्क्यांवरून अमुक टक्क्यांवर, वेळेत डिलिव्हरी इतके टक्के, मुदत कोणत्या महिन्यापर्यंत, जबाबदारी कोणाची, असं लिहा.

## टप्पा ६: यंत्रणा चालवा, किमान तीन महिने

खरं काम इथे आहे आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. तीन महिने हा आकडा मानकात नाही. पण अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यूला (मालकाने घेतलेल्या आढाव्याला) काहीतरी पाहायला हवं, आणि त्यासाठी तेवढ्या नोंदी साठाव्या लागतात. मागच्या तारखा टाकून एका रात्रीत भरलेली रजिस्टरं ओळखणं अनुभवी ऑडिटरला अवघड जात नाही. एकच पेन, एकच अक्षर, तेलाचा एकही डाग नाही, आणि साप्ताहिक सुट्टीच्या गुरुवारीही तपासणी झाल्याची नोंद.

इनवर्ड (आत येणारा माल): बार आला की हीट नंबर (धातूच्या ओतीव घाण्याचा क्रमांक) आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट जुळवा. तो हीट नंबर जॉब कार्डवर पुढे जायला हवा. बार कापल्यावर उरलेल्या तुकड्याचं काय? रंगाची खूण कापलेल्या टोकाला होती आणि तेच टोक आधी वापरलं गेलं, असं वारंवार होतं. खूण नसलेलं टोक आधी कापायचं, ही साधी सवय लावा.

ड्रॉइंग: मशीनवर रिव्हिजन बी आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये रिव्हिजन सी, ही पुण्यातल्या जॉबवर्कच्या धंद्यातली कायमची दुखरी नस आहे. नवी रिव्हिजन आली की जुनी प्रत मशीनवरून काढून घेण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेलं ड्रॉइंगही ड्रॉइंगच असतं. ते रजिस्टरला लावल्याशिवाय शॉपफ्लोअरवर जाऊ देऊ नका.

सेटअप अप्रूव्हल: पहिला पीस तपासल्याशिवाय लॉट सुरू नको. नोंदीत 'ओके' लिहू नका, मोजलेला आकडा लिहा. २५.०१२ असं लिहिलेलं असेल तरच उद्या तक्रार आल्यावर मागे जाऊन काही शोधता येतं.

मोजमापाची साधनं: व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज यांची यादी करा. प्रत्येकाला नंबर, जागा आणि कॅलिब्रेशनची तारीख द्या. ऑपरेटरच्या स्वतःच्या मालकीचा व्हर्नियरही त्यावर माल पास होत असेल तर यादीत येतो. कॅलिब्रेशन एनएबीएल मान्य प्रयोगशाळेतून करून घ्या, पण आधी त्या प्रयोगशाळेच्या स्कोपमध्ये तुमचं साधन आणि त्याची रेंज आहे का ते पाहा. प्रमाणपत्र आलं की ते फाइलला लावण्याआधी वाचा: त्रुटी किती आली आणि तुमच्या टॉलरन्सला ती चालते का? 'कॅलिब्रेशन झालं' आणि 'साधन वापरण्यालायक आहे' हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसरा निर्णय तुम्हाला घ्यायचा असतो. पुढच्या कॅलिब्रेशनची तारीखही तुम्हीच ठरवायची, कारण ग्राहकाने मागितल्याशिवाय प्रयोगशाळेने ती प्रमाणपत्रावर लिहायची नसते.

बाहेरचं काम: हीट ट्रीटमेंटला दिलेल्या चलनावर फक्त नग आणि वजन लिहून भागत नाही. हार्डनेस किती, केस डेप्थ (कडक थराची खोली) किती, रिपोर्ट हवा की नाही, हे चलनावर किंवा पर्चेस ऑर्डरवर लिहा. माल परत आल्यावर काय तपासलं ते नोंदवा. पुरवठादारांची यादी करताना त्यांना गुण कशावरून दिले हे सांगता यायला हवं. सगळ्यांना दहापैकी नऊ दिलेली यादी काहीच सांगत नाही.

बिघडलेला माल: लाल डबा असावा, त्याला कुलूप असावं, आणि त्यात पडलेल्या पीसची नोंद असावी. लाल डबा रिकामा आणि रजिस्टर कोरं, पण भंगाराच्या पावतीवर वजन भरपूर, ही विसंगती पकडायला पाच मिनिटं पुरतात. रिवर्क केलेला पीस पुन्हा तपासल्याची नोंद वेगळी ठेवा.

साठवण: जून ते सप्टेंबर मशीन केलेल्या भागावर गंज चढायला एक रात्र पुरते. अँटी-रस्ट ऑइल, व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी, जमिनीपासून उंच रॅक यांपैकी काय करायचं ते पॅकिंगच्या सूचनेत लिहा. खिडकीजवळचा रॅक पावसाळ्यात रिकामा ठेवा.

तपासा: मागच्या महिन्यात पाठवलेल्या एखाद्या इनव्हॉइसवरून उलट जाऊन पाहा. तो माल कोणत्या हीट नंबरचा, कोणत्या मशीनवर, कोणत्या रिव्हिजनने झाला आणि कोणत्या गेजने तपासला? अर्ध्या तासात उत्तर मिळालं तर तुम्ही पुढच्या टप्प्याला तयार आहात. नाही मिळालं तर आणखी एक महिना चालवा.

## टप्पा ७: अंतर्गत ऑडिट, मग मॅनेजमेंट रिव्ह्यू

क्रम हाच, कारण रिव्ह्यूमध्ये अंतर्गत ऑडिटचे निकाल मांडायचे असतात. दोन्ही एकाच तारखेला, एकाच सहीने झालेलं दिसलं की पुढचे प्रश्न कडक होतात.

स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. लहान जागेत स्टोअरवाल्याने प्रॉडक्शन तपासावं, प्रॉडक्शनवाल्याने क्वालिटी. माणसं कमी असतील तर बाहेरचा प्रशिक्षित माणूस बोलवा. यादीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' अशी खूण असलेलं अंतर्गत ऑडिट मला नेहमी अपुरं वाटतं. तीस माणसांच्या चालत्या कारखान्यात काहीच सापडलं नाही, याचा अर्थ नीट पाहिलं नाही.

सापडलेल्या त्रुटींवरचे उपाय लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात. 'कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: समज दिली.' हे कारणही नाही आणि उपायही नाही. बोअर मोठा का झाला? इन्सर्ट (कापणारं पातं) झिजल्यावर मशीनवर दिलेला ऑफसेट (भरपाईचा आकडा) जास्त झाला. तसा का दिला? किती पीसनंतर इन्सर्ट बदलायचा हे ठरलेलंच नव्हतं. इथवर आलात की उपाय सुचतो: त्या मटेरियलसाठी इन्सर्टचं आयुष्य ठरवा, मशीनवर काउंटर लावा. मग महिन्याने पाहा, तोच दोष पुन्हा आला का? हे पाहिल्याशिवाय त्रुटी बंद करू नका.

रिव्ह्यूला मालकाने स्वतः बसायचं. ग्राहकांच्या तक्रारी, रिजेक्शनचे आकडे, पुरवठादारांची कामगिरी, उद्दिष्टं, ऑडिटचे निकाल, लागणारी साधनं. आणि शेवटी निर्णय, नाव आणि तारखेसह. 'चर्चा झाली' एवढंच लिहिलेला रिव्ह्यू ऑडिटर मान्य करत नाहीत.

## टप्पा ८: स्टेज १

हे तयारीचं ऑडिट आहे. कागद, स्कोप, जागा, अंतर्गत ऑडिट आणि रिव्ह्यू होतात की नाही, हे पाहून स्टेज २ साठी तुम्ही तयार आहात का ते ठरतं. यात निघालेले मुद्दे स्टेज २ मध्ये त्रुटी म्हणून नोंदले जाऊ शकतात, म्हणून मध्ये वेळ ठेवा. तीन-चार आठवडे बरे. लागून दोन दिवसांत दोन्ही उरकून घेण्याचा आग्रह धरू नका. दुरुस्तीला मिळणारा वेळ तुम्ही स्वतःच गमावता.

## टप्पा ९: स्टेज २

तारीख पक्की करण्याआधी ऑडिट प्लॅन मागवा. भोसरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बाहेरगावच्या कार्यालयातून आखलेल्या प्लॅनमध्ये गुरुवार सहज येतो, आणि बंद शॉपफ्लोअरचं ऑडिट होत नाही. स्कोपमधली सगळी कामं त्या दिवशी चालू दिसतील अशी उत्पादनाची आखणी करा. ऑडिटरचं नावही आधी कळतं. तो तुमच्या स्पर्धकाकडे काम करत होता असं काही असेल तर हरकत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ऑपरेटरना उत्तरं पाठ करायला लावू नका. विचारलं तेवढंच सांगा, माहीत नसेल तर 'सुपरवायझरला विचारून सांगतो' म्हणा, एवढंच सांगून ठेवा. धोरण घडाघडा म्हणणारा पण रिजेक्ट पीस कुठे टाकायचा ते न सांगू शकणारा ऑपरेटर तुमचं नुकसान करतो.

निकालात मेजर किंवा मायनर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटी) येऊ शकते. यंत्रणेच्या क्षमतेबद्दलच शंका यावी अशी त्रुटी मेजर: अंतर्गत ऑडिट झालेलंच नाही, किंवा एकही गेज कॅलिब्रेट केलेलं नाही. एखाददुसरी चुकलेली नोंद मायनर. मायनरला उपायांचा आराखडा मान्य व्हावा लागतो. मेजरला उपाय करून त्याचा पुरावा तपासून घ्यावा लागतो, आणि स्टेज २ च्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांत तो तपासला गेला नाही तर स्टेज २ पुन्हा करावी लागते. त्रुटी पटली नाही तर क्लोजिंग मीटिंगमध्ये पुरावा दाखवून शांतपणे बोला. त्यापुढे अपिलाची लेखी पद्धत प्रत्येक प्रमाणन संस्थेकडे असतेच.

सावध: ऑडिटर फक्त शिफारस करतो. निर्णय प्रमाणन संस्थेतला, त्या ऑडिटमध्ये नसलेला माणूस घेतो. त्यामुळे ऑडिट संपल्याच्या संध्याकाळी हातात दिलेलं प्रमाणपत्र संशयास्पदच.

## टप्पा १०: प्रमाणपत्र हातात आल्यावर

आधी शुद्धलेखन तपासा: कंपनीचं नाव जीएसटी नोंदणीप्रमाणे, पूर्ण पत्ता, स्कोपचे शब्द, मानकाचं वर्ष, सुरुवातीची आणि संपण्याची तारीख, ॲक्रेडिटेशनचं चिन्ह. मग आयएएफ सर्टसर्च या जागतिक नोंदणीत स्वतःचं नाव शोधा. तिथे दिसत नसेल तर प्रमाणन संस्थेला विचारा. परदेशी ग्राहक तिथेच पाहतात.

प्रमाणन संस्थेचं चिन्ह लेटरहेडवर, कोटेशनवर, वेबसाइटवर तिच्या नियमांप्रमाणे वापरता येतं. उत्पादनावर, उत्पादनाच्या पॅकिंगवर आणि तपासणी किंवा टेस्ट रिपोर्टवर नाही. माल प्रमाणित आहे असा समज त्यातून होतो. आयएसओचा स्वतःचा लोगो तर कुठेच वापरायचा नाही.

## टप्पा ११: पुढची तीन वर्षं

पहिला सर्व्हिलन्स प्रमाणपत्राच्या निर्णयाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत. त्यानंतर रिसर्टिफिकेशनचं वर्ष सोडून प्रत्येक कॅलेंडर वर्षात किमान एक. तारीख चुकली की आधी निलंबन आणि मग रद्द. निलंबित प्रमाणपत्र ग्राहकाला दाखवणं ही गंभीर बाब आहे, ते करू नका.

रिसर्टिफिकेशनचं ऑडिट मुदत संपण्याच्या तीन महिने आधी ठरवा, म्हणजे त्रुटी बंद करायला जागा राहते. मुदत संपली तर सहा महिन्यांच्या आत राहिलेलं काम पूर्ण करून प्रमाणपत्र पुन्हा चालू होऊ शकतं, पण मधल्या काळात तुम्ही प्रमाणित नसता. त्यानंतर किमान स्टेज २ नव्याने.

भोसरीतून चाकणला जागा हलवली, नवी प्रक्रिया सुरू केली, भागीदार बदलले, तर प्रमाणन संस्थेला लगेच कळवा. जुन्या पत्त्याचं प्रमाणपत्र नव्या शेडला लागू होत नाही. संस्था बदलायची असेल तर चालू, ॲक्रेडिटेड प्रमाणपत्र दुसऱ्या ॲक्रेडिटेड संस्थेकडे ट्रान्सफर करता येतं. नवी संस्था आधीचे रिपोर्ट आणि उघड्या एनसी पाहते. निलंबित प्रमाणपत्राचं ट्रान्सफर होत नाही.

## बिनॲक्रेडिटेशनचा कागद आधीच घेतला असेल तर

त्याचं ट्रान्सफर होत नाही. कोणी 'कन्व्हर्ट करून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. स्टेज १ पासून सुरुवात करावी लागते, पण प्रत्यक्ष वापरात असलेल्या नोंदी, कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं, प्रशिक्षणाची रजिस्टरं उपयोगी पडतात. ती फेकू नका. मॅन्युअल मात्र बाजूला ठेवा आणि टप्पा ५ प्रमाणे नवं लिहा. लेटरहेड आणि वेबसाइटवरून जुना उल्लेख काढा. ग्राहकाला लेखी कळवा: कोणती ॲक्रेडिटेड संस्था निवडली, स्टेज १ आणि स्टेज २ कोणत्या महिन्यात, आणि सोबत संस्थेशी झालेल्या कराराची प्रत. अशा पत्रावर मुदत वाढवून देणारे ग्राहक पुष्कळ आहेत, म्हणून ते व्हेंडर फॉर्मची तारीख उलटण्याआधी पाठवा.